आधी माप, मग नंबर: जुन्या स्पोर्ट्स कारचा दुर्मिळ इनटेक मॅनिफोल्ड ओळखायचा कसा

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलेंडरांपर्यंत नेणारा नळ्यांचा भाग. मी पहिल्यांदा फसलो तेव्हा मॅनिफोल्डवरचा नंबर अगदी बरोबर होता. पार्ट्स कॅटलॉगशी अक्षर न् अक्षर जुळत होता. विकणाऱ्यानं फोटोत तोच भाग जवळून दाखवला होता आणि मीही नेमका तेवढाच पाहिला. चार सिलेंडरच्या इंजिनाचा, दोन ट्विन-चोक (दोन तोंडांचे) वेबर कार्ब्युरेटर बसतील असा ॲल्युमिनियमचा ओतीव मॅनिफोल्ड. काही महिन्यांनी एका मित्राकडे त्याच नंबरचा, मूळ गाडीवरून उतरवलेला तुकडा बघायला मिळाला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले, तर माझा जवळजवळ पाच मिलिमीटर आखूड! स्टडची (आटे असलेल्या खिळ्यांची) भोकं जुळत होती, कार्ब्युरेटर बसत होते. पण जिथे जिथे यंत्रकाम झालेलं नव्हतं, तिथे तिथे तो थोडा थोडा लहान होता.

असं का झालं ते पुढे येईल. त्या दिवसापासून माझा क्रम मात्र उलटा झाला. नवखा माणूस मॅनिफोल्ड हातात आला की आधी नंबर शोधतो, तो इंटरनेटवर टाकतो आणि जे उत्तर येईल ते मानून मोकळा होतो. मी नंबर सगळ्यात शेवटी वाचतो. नंबर कुणीही ओतू शकतो, ठोकू शकतो, घासून काढू शकतो. पोर्टमधलं (मिश्रण जाण्याच्या तोंडांमधलं) अंतर, धातूची घनता आणि ओतकामाचं आकसणं यांच्याशी इतक्या सहज खेळता येत नाही.

हात लावण्याआधी

आल्या आल्या धुऊ नका, वायर ब्रश तर अजिबात फिरवू नका. फाउंड्रीत किंवा कारखान्यात तपासनीस रंगाचा ठिपका देत, शाईचा शिक्का मारत, खडूनं एखादा आकडा लिहीत. साठ वर्षांच्या तेलाखाली हे अधूनमधून शिल्लक राहिलेलं असतं. मी एकदा एक सुंदर निळा ठिपका ड्रिलला लावलेल्या ब्रशनं दोन सेकंदांत उडवला आणि नंतर फोटोत त्याची कडा तेवढी दिसली. म्हणून आधी सहाही बाजूंनी फोटो काढा. त्यातले निदान दोन फोटो अंधाऱ्या खोलीत, टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून काढा. समोरून प्रकाश टाकला की झिजलेली अक्षरं नाहीशी होतात, तिरप्या प्रकाशात ती सावली टाकतात. तरीही वाचता येत नसतील तर बोटानं खडूची पूड चोळा किंवा पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा.

गॅस्केटचे चिकटलेले तुकडेही लगेच खरवडू नका. जुन्या गॅस्केटच्या ठशावरून तो मॅनिफोल्ड शेवटी कुठल्या आकाराच्या पोर्टवर बसला होता ते कळतं. मॅनिफोल्डची भोकं मोठी आणि गॅस्केटचा ठसा लहान असेल, तर तो कुणीतरी दुसऱ्याच हेडवर (इंजिनाच्या वरच्या, सिलेंडर झाकणाऱ्या भागावर) चालवला असण्याची शक्यता बरीच आहे.

धातू कोणता?

रंगावरून अंदाज बांधू नका. बीड जड असतं, चुंबकाला चिकटतं, तिथे प्रश्न मिटला. गोंधळ होतो ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियममध्ये. शर्यतीच्या गाड्यांसाठी काही भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ओतले जात. ब्रिटिश लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत. दिसायला तोच भाग ॲल्युमिनियममध्येही मिळतो, आणि दुर्मिळपणा बहुतेक वेळा याच फरकात असतो.

सोपा उपाय म्हणजे घनता मोजणं. लोखंडी स्टड, प्लग, नळ्या शक्य तेवढ्या काढा. लटकता वजनकाटा घ्या आणि मॅनिफोल्डचं आधी हवेत वजन करा. मग पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता, पुन्हा वजन करा. हवेतलं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक, ही झाली घनता. समजा हवेत ४.०५ किलो भरला आणि पाण्यात २.५५. फरक १.५. भागाकार २.७, म्हणजे ॲल्युमिनियम. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आकडा १.८ च्या आसपास येतो आणि बिडाचा ७.२ च्या. बुडवताना मॅनिफोल्ड तिरपा करून आत अडकलेली हवा बाहेर काढा, नाहीतर उत्तर चुकेल. मॅग्नेशियमचा संशय असेल तर काम झटपट उरकून तुकडा लगेच कोरडा करा, कारण तो ओलाव्यानं लवकर खराब होतो.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी आहे. न दिसणाऱ्या जागी नखाएवढा भाग उघडा करून त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियम ढिम्म राहतं. थेंब पुसा, पाण्यानं साफ करा, वाळवा. मॅग्नेशियम निघालं तर त्याला ग्राइंडर किंवा कानस लावू नका. त्याचा कीस पेटतो, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर आग आणखी भडकते.

हेडकडची बाजू: खरी ओळख इथेच

आता व्हर्नियर घ्या आणि हेडला लागणारा फ्लँज, म्हणजे जोडणीचा सपाट पृष्ठभाग, समोर धरा. कागदावर चार गोष्टी उतरवा: पोर्ट किती, गोल की लंबगोल की चौकोनी, एका पोर्टच्या मध्यापासून पुढच्या पोर्टच्या मध्यापर्यंत किती अंतर, आणि स्टडची भोकं कुठे व किती व्यासाची. मध्य नेमका सापडत नसेल तर एका पोर्टच्या डाव्या कडेपासून पुढच्या पोर्टच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही पोर्ट सारखे असतील तर उत्तर तेच येतं.

फ्लँजला दोनच तोंडं, पण इंजिन चार सिलेंडरचं, असं दिसलं की बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ए-सिरीज किंवा बी-सिरीजचा विचार आधी करा. स्प्राइट, मिजेट, एमजीए, एमजीबी ही सगळी त्याच घराण्यातली. यांच्या हेडमध्ये दोन-दोन सिलेंडरना मिळून एक इनटेक पोर्ट असतो आणि इनटेक व एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात. पोर्टच्या तोंडाशी गोल खाच दिसेल. तिथे मॅनिफोल्ड आणि हेड एका रेषेत धरणारी कडी बसते.

एमजीएमध्येच एक सापळा आहे. १९५८ ते १९६० दरम्यान बनलेल्या एमजीए ट्विन कॅमच्या फक्त २,१११ गाड्या निघाल्या. तिचं हेड ॲल्युमिनियमचं, इनटेक एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला, कार्ब्युरेटर १.७५ इंचाचे, एसयू या ब्रिटिश कंपनीचे. साध्या एमजीएवर १.५ इंचाचे. ‘एमजीएचा मॅनिफोल्ड’ एवढ्याच शब्दांत विकायला आलेला तुकडा दोन्हींपैकी कुठलाही असू शकतो. विकणाऱ्यालाच ते ठाऊक नसेल, तर चार मापं तुमचं नशीब उघडू शकतात.

ट्रायम्फच्या टीआर२ आणि टीआर३ मध्ये याहून बारीक फरक आहे. सुरुवातीच्या हेडला लो-पोर्ट म्हणतात, नंतरच्याला हाय-पोर्ट, आणि मध्ये थोडा काळ ल माँ नावानं ओळखलं जाणारं हेड आलं. गाडीचं नाव तेच, इंजिन त्याच घराण्यातलं, पण मॅनिफोल्ड सरसकट अदलाबदल होत नाहीत. ऑस्टिन-हीली १००-६ ची गंमत वेगळीच. १९५६ मध्ये ती आली तेव्हा इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला होता. १९५७ मध्ये सहा पोर्टचं हेड आलं आणि मॅनिफोल्ड सुटा झाला. म्हणून सुरुवातीच्या १००-६ चा सुटा मॅनिफोल्ड असल्याचं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. लोटस ट्विन कॅमचंही तसंच. वेबरच्या हेडला इनटेकच्या नळ्या हेडच्याच अंगात असतात. स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर बसणारं हेड वेगळं ओतलेलं. म्हणजे तिथे मॅनिफोल्ड नव्हे, हेड ओळखायचं असतं.

बीएमडब्ल्यू ३२८ आणि तिच्यावरून आलेलं ब्रिस्टलचं सहा सिलेंडरचं इंजिन यांत तीन सोलेक्स कार्ब्युरेटर डोक्यावर उभे बसतात, कारण इनटेक पोर्टची तोंडं वर उघडतात. हेच ब्रिस्टल इंजिन एसी कंपनीच्या ‘एस ब्रिस्टल’ गाडीतही होतं. तीन छोटे डाउनड्राफ्ट (वरून खाली वाहणाऱ्या कार्ब्युरेटरचे) फ्लँज दिसले की हे कुटुंब आठवा.

पोर्शच्या ३५६ साठी मॅनिफोल्ड जोडीनं येतो, प्रत्येक बाजूच्या दोन सिलेंडरना एक. एकच हातात आला असेल तर जोडी मिळवायला घाई करू नका. आधी त्यावर झेनिथ ३२ एनडीआयएक्स कार्ब्युरेटर बसत होता की सुपर ९० वरचा सोलेक्स ४० पीआयआय-४ ते ठरवा. नाहीतर दोन वेगवेगळ्या घराण्यांची सोयरीक जुळवून बसाल.

कार्ब्युरेटरकडची बाजू

आता तुकडा उलटा फिरवा. कार्ब्युरेटर आडवा बसतो की उभा? फ्लँजला एक तोंड की दोन? दोन असतील तर त्यांच्या मध्यांमधलं अंतर किती?

वेबर डीसीओई हा आडवा ट्विन-चोक. त्याच्या दोन तोंडांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत ९० मिलिमीटर असतात. डेलॉर्टो डीएचएलए आणि सोलेक्स किंवा मिकुनी पीएचएच हेही बहुधा त्याच फ्लँजवर बसतात. म्हणजे फक्त फ्लँजवरून ‘हा वेबरचा’ असं ठामपणे म्हणता येत नाही. ४० आणि ४५ डीसीओईची स्टडची रचनाही एकच. त्यांना वेगळं करतो तो तोंडाचा व्यास, आणि तो नंतर कुणी वाढवला असेल तर आत थोड्या अंतरावर पायरी किंवा हातानं घासल्याच्या लहरी दिसतात. बोट आत घालून फिरवा. ओतीव भिंत वाळूसारखी खरखरीत लागते, घासलेली गुळगुळीत पण असमान लागते, बोअरिंग केलेल्या भिंतीवर बारीक गोल रेघा जाणवतात.

नावं वाचायची युक्ती एकदा समजली की पुढचं पटापट जमतं. वेबरमध्ये पुढचा आकडा थ्रॉटलचा (मिश्रणाची वाट उघडणाऱ्या झडपेचा) व्यास मिलिमीटरमध्ये देतो आणि अक्षरांनंतरचा आकडा आवृत्ती: ४५ डीसीओई ९ म्हणजे ४५ मिलिमीटरचा, नवव्या आवृत्तीचा. एसयूची तऱ्हा निराळी. शेवटचा आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश. एचएस२ सव्वा इंची, एचएस४ दीड इंची, एचएस६ पावणेदोन, एचडी८ दोन इंची. तुमच्या मॅनिफोल्डचं तोंड ५१ मिलिमीटरच्या आसपास आणि अशी तोंडं तीन असतील, तर जग्वार एक्सके१५० एस, ई-टाइप, ॲस्टन मार्टिन डीबी४ व्हँटेज (व्हँटेज म्हणजे जास्त ताकदीची आवृत्ती) किंवा डीबी५ यांच्या दिशेनं जा. ३८ मिलिमीटरची तीन असतील तर ऑस्टिन-हीली ३००० मार्क २ मनात ठेवा. १९६१-६२ मध्ये तिला तीन एचएस४ दिले गेले आणि जुळवून ठेवायला त्रासाचे म्हणून लवकरच पुन्हा दोनवर आणलं.

ॲस्टनमध्ये कार्ब्युरेटर ही जवळजवळ जातीची खूण आहे. साध्या डीबी४ ला दोन एसयू, डीबी४ जीटीला तीन ४५ डीसीओई. डीबी५ ला तीन एसयू, डीबी५ व्हँटेजला तीन वेबर. वेबरचा मॅनिफोल्ड मिळाला म्हणजे व्हँटेजच सापडली असं मात्र नाही. साध्या गाड्यांवरही लोकांनी नंतर वेबर चढवले आहेत.

फेरारीच्या व्ही१२ बाबतीत सहा वेबर दिसले की माणसाचा श्वास अडकतो. २५० टेस्टा रोसा, २५० जीटीओ, २५० एलएम यांना सहा ३८ डीसीएन होते खरे. पण १९६४ मध्ये आलेल्या २७५ जीटीबीलाही तीनऐवजी सहा कार्ब्युरेटरचा पर्याय होता, आणि १९६६ च्या २७५ जीटीबी/४ वर तर सहा नेहमीचेच. सहा तोंडं म्हणजे जीटीओ, ही उडी मी फार जाणत्या लोकांनाही मारताना पाहिलंय.

पोर्श ९११ च्या पहिल्या गाड्यांवर सोलेक्सचे ओव्हरफ्लो प्रकारचे एकेरी सहा कार्ब्युरेटर होते. १९६६ मध्ये त्यांची जागा तीन तोंडांच्या दोन वेबर ४० आयडीए ३सी नी घेतली. सोलेक्सची व्यवस्था सतत कुरकुर करते म्हणून पुष्कळांनी काढून टाकली, आणि नेमकी त्यामुळेच आज ती शोधावी लागते. १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटचंही असंच आहे. त्या वर्षी ३०० गाड्या बनल्या. सहा सिलेंडरच्या इंजिनावर तीन आडवे कार्टर वायएच. कॉर्व्हेटचं नाव घेताच लोक व्ही८ शोधू लागतात आणि हा लांब, सडपातळ मॅनिफोल्ड एखाद्या ट्रकचा समजून बाजूला ठेवतात.

आटे

हे काम कंटाळवाणं, पण याचा पुरावा पक्का. स्टडच्या भोकातले मूळ आटे मोजा. ५/१६ इंची आणि ८ मिलिमीटरचा स्टड व्यासानं जवळजवळ सारखाच, डोळ्यांना फरक कळत नाही. पण आट्यांच्या प्रमाणांमध्ये फरक आहे: यूएनएफला (अमेरिकी-ब्रिटिश बारीक आटा) एका इंचात २४ आटे, जुन्या ब्रिटिश प्रमाणांपैकी बीएसएफला २२, व्हिटवर्थला १८, आणि १.२५ पिचच्या मेट्रिकला वीसच्या आसपास. व्हिटवर्थ व बीएसएफचा कोन ५५ अंश, बाकीच्यांचा ६०. थ्रेड गेजचं पातं लावून उजेडासमोर धरा, फट दिसते की नाही ते बघा.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या ब्रिटिश गाडीच्या म्हणून सांगितलेल्या मॅनिफोल्डवर सगळीकडे मेट्रिक आटे असतील तर सावध व्हा; मॉरिस आणि एमजीची काही इंजिनं मात्र याला अपवाद आहेत, त्यांच्यावर तेव्हाही मेट्रिक आटे होते. उलट एकाच तुकड्यावर हेडकडे यूएनएफ आणि वेबरकडे मेट्रिक, हे मिश्रण ब्रिटिश गाडीसाठी नंतर बनवलेल्या मॅनिफोल्डवर दिसलं तर दचकू नका. स्प्रिंगसारखी तार आत बसवून आटे दुरुस्त केले असतील तर ते लिहून ठेवा. तो भाग किती वेळा उघडला-लावला गेला याची ती खूण आहे.

उंचवटे, नळ्या आणि बुजवलेली भोकं

मॅनिफोल्डवर जे अधिकचं आहे, त्यावरून काळ लावता येतो. ब्रेक सर्वोसाठी (ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी) व्हॅक्यूमची नळी, क्रँककेसची वाफ आत ओढणाऱ्या व्हॉल्वची जागा, गरम पाण्याचं जॅकेट, थ्रॉटलच्या दांड्याचा आधार. अमेरिकेत १९६८ च्या मॉडेलपासून देशभर धुराचे नियम लागू झाले आणि तिथे जाणाऱ्या ब्रिटिश गाड्यांच्या मॅनिफोल्डची रचनाच बदलली. ई-टाइपचे तीन एसयू जाऊन दोन स्ट्रॉमबर्ग आले. म्हणून जास्तीच्या जोडण्या असलेला तुकडा ‘साठच्या सुरुवातीचा’ म्हणून समोर आला तर वर्ष पुन्हा तपासा.

ओतलेला पण भोक न पाडलेला उंचवटा दिसला तर खूश व्हा. एकच साचा अनेक गाड्यांसाठी वापरला जाई आणि प्रत्येकीसाठी वेगळी भोकं पाडली जात. कुठली भोकं पाडली आणि कुठली सोडली, यावरून गाडी ठरते. थ्रॉटलच्या दांड्याच्या आधाराची जागा पाहिली तर उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी की डाव्या, हेही बऱ्याचदा सुटतं.

आता नंबर

एवढं झाल्यावर कागदावर एक छोटी यादी तयार असते: हा तुकडा फार तर या तीन-चार गाड्यांचा. नंबरानं त्यातून एक निवडायची.

पहिली गोष्ट, उंचावलेली ओतीव अक्षरं म्हणजे साच्याचा नंबर. पार्ट्स कॅटलॉगमध्ये असतो तो तयार भागाचा नंबर. हे दोन वेगळे असू शकतात आणि बहुधा असतातच. ओतीव नंबर कॅटलॉगमध्ये नाही म्हणून भाग खोटा ठरत नाही.

जग्वारचे त्या काळचे नंबर ‘सी’ या अक्षरानं सुरू होतात. बीएमसीच्या नंबराआधी सी आणि रेघ असेल, उदाहरणार्थ सी-एईएच, तर तो ॲबिंग्डनच्या कारखान्यातल्या स्पेशल ट्यूनिंग (शर्यतीसाठी सुधारणा करणाऱ्या) विभागाचा भाग असण्याचा संकेत. त्या रेघेची किंमत मोठी, आणि म्हणून ती नंतर ठोकलेलीही सापडते. पोर्शमध्ये पहिले तीन आकडे कुठल्या प्रकारासाठी भाग आखला ते सांगतात, ६१६ किंवा ९०१, आणि मधले १०८ इंधन व इनटेकच्या गटाचे.

फोर्डची पद्धत सर्वांत बोलकी. सी५झेडई मधला सी म्हणजे साठचं दशक, ५ म्हणजे १९६५, झेड म्हणजे मस्टँग, ई म्हणजे इंजिन. पुढे ९४२४ किंवा ९४२५ असेल तर तो इनटेक मॅनिफोल्डच. शेल्बीच्या जीटी३५० साठीच्या भागांवर एस१एमएस येतं. फोर्डची तारीख वेगळी ओतलेली असते: आधी वर्षाचा एक आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. अक्षरांत आय वगळतात, त्यामुळे सप्टेंबर म्हणजे जे आणि डिसेंबर म्हणजे एम. ५सी१२ म्हणजे १२ मार्च १९६५.

जनरल मोटर्स उलट लिहिते: आधी महिना ए ते एल, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. बी १४ ७ म्हणजे १४ फेब्रुवारी, आणि ७ हा १९५७ की १९६७ ते तारखेवरून कळत नाही, साच्याच्या नंबरावरून ठरवावं लागतं. ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर हिमकण दिसला तर तो विंटर्स फाउंड्रीचा शिक्का. तारीख गाडी बनण्याआधीची, काही आठवडे ते काही महिने, अशी हवी. गाडी मार्चची आणि मॅनिफोल्ड जूनचा, तर तो कितीही अस्सल असला तरी त्या गाडीबरोबर कारखान्यातून निघालेला नाही.

ब्रिटिश ओतकामावर बर्मल हे नाव दिसलं तर तो बर्मिंगहॅम ॲल्युमिनियम कास्टिंगचा. एलएम आणि पुढे आकडा, हा मिश्रधातूचा दर्जा आहे, भागाचा नंबर नव्हे. हे पहिल्यांदा पाहणारे तोच नंबर शोधत बसतात. ही एलएम पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरची, त्यामुळे युद्धाआधीच्या म्हणवणाऱ्या तुकड्यावर ती असेल तर गोष्ट तिथेच संपली.

बाहेरच्या कारागिरांचे मॅनिफोल्ड ही वेगळीच दुनिया. लान्चा ऑरेलियासाठी नार्दीचा दोन कार्ब्युरेटरचा संच, फियाटसाठी आबार्थ, ब्रिटनमध्ये डेरिंग्टन, मँगोलेत्सी, अमेरिकेत एडलब्रॉक आणि ऑफेनहाउझर. यांची नावं बहुधा ओतलेलीच असतात. नाव मोठं असेल तर अक्षरांची कडा भिंगातून पाहा. अस्सल ओतीव अक्षराच्या बाजू किंचित उतरत्या असतात, कारण साच्यातून लाकडी नमुना सुखरूप बाहेर यायला हवा. अक्षराचा आणि आजूबाजूचा खरखरीतपणा एकच असतो. नंतर जोडलेल्या पट्टीभोवती वेल्डिंगची गुळगुळीत कड, किंवा घासून बुजवलेली चौकट दिसते.

आखूड का निघाला

वितळलेला धातू थंड होताना आकसतो. वाळूच्या साच्यात ॲल्युमिनियम साधारण १.३ टक्के, बीड १ टक्का. म्हणून नमुना बनवणारा कारागीर खास पट्टी वापरतो, जिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर तेवढ्यानं मोठा असतो. नक्कल करणारा एवढी यातायात करत नाही. अस्सल मॅनिफोल्डच वाळूत दाबून साचा काढतो. मग नवा तुकडा १.३ टक्क्यानं लहान निघतो. मूळ ३८० मिलिमीटर असेल तर नक्कल ३७५. माझे पाच मिलिमीटर तिथे गेले होते.

भोकं आणि फ्लँजची तोंडं नंतर यंत्रावर बरोबर अंतरावर केली जातात, त्यामुळे कार्ब्युरेटर बसतात, हेडही जुळतं, कुणाला संशय येत नाही. मोजायचं ते न घासलेल्या जागी: फ्लँजची दोन्ही टोकं, नळ्यांची बाहेरची जाडी, दोन उंचवट्यांमधलं अंतर. आणखी एक चटकन दिसणारी खूण म्हणजे टोकाच्या भोकांभोवतीची किनार. अस्सल तुकड्यात भोक त्याच्या गोल कानाच्या मधोमध असतं. नकलेत मधली भोकं बरी दिसतात, पण टोकांकडची बाहेरच्या बाजूला सरकलेली असतात आणि तिकडची किनार बारीक होते. मित्राच्या टेबलावर ते दिसलं तेव्हा माझ्या विक्रेत्यानं दोन टोकांचे फोटो का पाठवले नव्हते ते कळलं. त्याचं नाव घेत नाही. त्यालाही कदाचित कुणीतरी असंच विकलं असेल.

प्रत्येक नवं ओतकाम म्हणजे फसवणूक नव्हे, हेही सांगायला हवं. चांगली पुनर्निर्मिती उघडपणे नवी म्हणून विकली जाते आणि रस्त्यावर चालवायला ती कित्येकदा जुन्यापेक्षा भरवशाची असते. भांडण फक्त खोट्या जन्मदाखल्याशी आहे.

कागदपत्रं कुठली धरायची

शर्यतीत उतरलेल्या गाड्यांसाठी सर्वांत कामाचा कागद म्हणजे एफआयएचा (मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) होमोलोगेशन फॉर्म, म्हणजे गाडीला शर्यतीसाठी दिलेली मंजुरी. त्यात गाडीची मापं, कार्ब्युरेटरचा प्रकार आणि बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्डचा फोटो असतो. अनेक फॉर्म एफआयएच्या ऐतिहासिक संग्रहात पाहता येतात. पुढे जोडलेली परिशिष्टंही वाचा, कारण जास्तीचे वेबर आणि त्यांचे मॅनिफोल्ड बहुधा तिथेच नंतर मंजूर झालेले असतात. त्यानंतर कारखान्याचा पार्ट्स कॅटलॉग, तोही त्या वर्षाच्या आवृत्तीचा. नंतरच्या आवृत्तीत जुना नंबर बदलून नवा आलेला असतो.

लिलावाच्या कॅटलॉगमधल्या वर्णनावर मी विसंबत नाही. तिथले फोटो मात्र जमवतो. न उघडलेल्या, एकाच मालकाच्या गाडीच्या इंजिनाचा फोटो दहा परिच्छेदांपेक्षा जास्त शिकवतो.

घेण्याआधी शेवटची पाहणी

ओळख पटली, आता तो वापरता येईल का ते बघा. फ्लँजवर सरळ धार ठेवून खाली फीलर गेज सरकवा. ०.१ मिलिमीटरचं पातं मध्ये सहज गेलं तर फ्लँज वाकलाय. तो घासून सरळ करता येतो, पण लांब मॅनिफोल्डमध्ये आधी आजूबाजूच्या वेल्डिंगवर नजर टाका. वाकण्यामागचं कारण बहुधा तिथे असतं. पाण्याचं जॅकेट असेल तर एक तोंड सोडून बाकीची बंद करा, हलका हवेचा दाब द्या आणि मॅनिफोल्ड पाण्यात धरा. आतून गंजलेल्या ॲल्युमिनियममधून बारीक बुडबुड्यांची रांग निघते, जी बाहेरून कधीच दिसली नसती.

मोजमापांचा कागद फोटोंबरोबर त्याच तुकड्याला बांधून ठेवा. ज्या गोष्टीची खात्री नाही तिच्यापुढे पेन्सिलनं प्रश्नचिन्ह करा. माझ्याकडे एका तीन तोंडांच्या मॅनिफोल्डवर असं प्रश्नचिन्ह गेली अकरा वर्षं आहे. पोर्टची अंतरं एका इंजिनाची, आटे दुसऱ्या देशाचे, आणि नंबर मुळी नाहीच.